पेटी कोणाच्या हातात होती

जितेंद्रनं वहीच्या कोऱ्या पानावर एकाचा आकडा घातला, त्याभोवती गोल काढला, त्या गोलाभोवती आणखी एक गोल काढला आणि मग पेन शोधायला उठला. पेन त्याच्या हातातच होतं. हे त्याला स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचल्यावर कळलं. तो तसाच परत आला, खुर्चीत बसला आणि पुन्हा गुडघा हलवू लागला. गुडघा टेबलाच्या पायाला लागत होता आणि टेबलावरचा स्टीलचा पेला बारीक किणकिणत होता.

भूमिका समोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं पेल्यावर हात ठेवला तशी किणकिण थांबली. तेरा वर्षांत तिच्या हाताला ही सवयच लागली होती. गुडघा थांबवा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता, पेला मात्र थांबवता यायचा.

“लिहा ना. दहाच तर लिहाचे आहेत,” ती म्हणाली. “तुमच्यापाशी तर पोत्यानं आहेत.”

“पोत्यातून पहिला कोणता काढू, तेच समजून नाही राहिलं.”

हा गृहपाठ धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता. घरात घडलेले, मनाला लागून राहिलेले दहा प्रसंग दोघांनी वेगवेगळे लिहायचे, एकमेकांचं पाहायचं नाही, आणि महालक्ष्म्या आटोपल्या की शुक्रवारी घेऊन यायचे. भूमिकाचे कधीच लिहून झाले होते. सात पानं, ठसठशीत अक्षर, प्रत्येक प्रसंगाला मथळा आणि मथळ्याखाली रेघ. ती घराजवळच्या, बेसातल्याच एका शाळेचं ऑफिस सांभाळायची. तिच्या टेबलावर कधी कागद हरवत नाही, असं हेडमास्तरसुद्धा सांगायचे आणि तिलाही ते पटायचं.

हे सगळं सुरू झालं तेही त्या शाळेतूनच. जूनमध्ये शिक्षकांसाठी एक शिबिर झालं, वर्गात ज्यांचं लक्ष टिकत नाही अशी मुलं कशी ओळखायची याचं. भूमिका सह्यांचा कागद घेऊन मागं उभी होती. पडद्यावर एकेक ओळ येत होती. सांगितलेलं विसरणं, वस्तू हरवणं, हातातलं काम अर्धवट टाकून दुसरीकडे जाणं, वेळेचा अंदाजच नसणं. तिला वाटलं, कोणीतरी आपल्या घरात महिनाभर राहून हे टिपून नेलं असावं. नवऱ्याला दवाखान्यापर्यंत न्यायला तिला दोन महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तास-तासभर विचारपूस केली, त्याच्या गावच्या, मौद्याच्या शाळेपासूनचं सगळं ऐकलं आणि सांगितलं की लक्ष न टिकण्याच्या या विकाराला एडीडी म्हणतात. हे लहानपणापासूनचं असतं. हा आळस नाही, बुद्धी कमी असणं नाही, बेपर्वाई तर नाहीच. औषध आहे, सवयी लावून घेता येतात, पण त्याआधी ज्याचं आहे त्याला ते नीट कळलं पाहिजे.

त्रेचाळीस वर्षांच्या जितेंद्रनं तेव्हा टेबलावरचा पेपरवेट उचलून हातात फिरवला होता. मग त्यानं विचारलं होतं, “म्हणजे मी मुद्दामून नाही करत?”

त्या दिवसापासून दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक चौघडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात असायचं. एकदा ते शर्टाबरोबर मशीनमध्ये धुऊन निघालं, तेव्हा भूमिकानं जाऊन दुसरं आणलं. तो ते बुटीबोरीला जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचायचा. तिथल्या सूतगिरणीत तो मशीन दुरुस्तीला होता. बंद पडलेलं मशीन त्याच्या ताब्यात दिलं की चार-चार तास त्याला ना तहान लागायची ना भूक, आणि ते चालू झाल्यावर त्याचा रिपोर्ट लिहायला मात्र दुसरं कोणीतरी बसवावं लागायचं. पत्रकात नेमकं हेही लिहिलेलं होतं. ती ओळ त्यानं भूमिकाला तीनदा वाचून दाखवली होती.

आणि भूमिका? भूमिकाचं तर सगळीकडे नाव झालं होतं. दाराजवळ किल्ल्यांसाठी खिळा तिनंच ठोकला. फ्रिजवर रंगीत चिठ्ठ्या तिनंच लावल्या. सकाळी दारात उभी राहून ती रोज म्हणायची, “मोबाईल, पाकीट, चावी, डबा,” आणि तो एकेका खिशावर हात मारायचा. शेजारणी म्हणायच्या, अशी बायको आहे म्हणून चाललंय याचं. शिवाय भूमिका किस्से सांगण्यात पटाईत होती. दूध आणायला गेलेला जितेंद्र दूधवाल्याचा फ्रिज दुरुस्त करून दोन तासांनी रिकाम्या हातानं कसा आला, सीताबर्डीला गाडी लावून ऑटोनं घरी आला आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस चौकीत कसा जाऊन बसला, हे तिच्या तोंडून ऐकावं. हळदीकुंकवाला तिच्याभोवती बायका गोळा व्हायच्या. जितेंद्र आसपास असला तर तोही हसायचा, आणि कुठं तपशील राहिला तर मधूनच पुरवायचा. ती सात पानं म्हणजे तेच किस्से होते, हशा तेवढा वगळलेला.

बेल वाजली. गॅसवाला होता. जितेंद्र दार उघडायला गेला आणि त्याच्याशी रेग्युलेटरविषयी बोलत तिथंच रमला. पानावर आता चार ओळी होत्या. एकमेकांचं पाहायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं खरं. भूमिकानं वही आपल्याकडे फिरवली.

‘महालक्ष्म्यांची पेटी. अकरा वर्षे झाली. माझ्या हातून बसमध्ये राहिली. त्यानंतर आईने मला पुन्हा काही सांभाळायला दिले नाही.’

तिनं वही होती तशी फिरवून ठेवली. हातातली शेंग तिनं मोडलीही नाही, तशीच काढलेल्या देठांत टाकून दिली.

सिलिंडर आत ठेवून जितेंद्र परत येऊन बसला. ती म्हणाली, “जुनं नका लिहू. डॉक्टरले आत्ताचं पाहिजे असते.”

“पाहिलं वाटते तू,” तो म्हणाला, पण रागावला नाही. “हेच तं मेन आहे, भूमिका. बाकीचं साऱ्यायनं हसण्यावारी नेलं. हे एक नाही जात. हे त्या आजारात बसते का, मले बाईले विचाराचं आहे. बसत असंल तं बुधवारी बाबाले सांगीन. कागद दाखवीन. मले पर्वा नव्हती म्हून नाही राहिली पेटी, एवढं तरी समजंल त्याईले. आईले तं आता सांगता येत नाही.”

एवढं बोलून तो दुसरा आकडा घालू लागला. भूमिका उठून शेंगांची टोपली घेऊन आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

पेटी जितेंद्रच्या हातात नव्हती. अकरा वर्षं हे जगात फक्त तिला माहीत होतं.

त्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मौद्याच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या, त्यांचे पितळी मुखवटे जितेंद्रच्या पणजीच्या वेळचे. सणाच्या आधी सासूबाईंनी, गोपिकाबाईंनी, ते या दोघांबरोबर पॉलिशला इतवारीच्या बाजारात धाडले. मुखवटे शिसवी पेटीत, पेटी हिरव्या खणात गुंडाळलेली आणि खण निळ्या पिशवीत. नेताना पिशवी जितेंद्रकडेच होती. पॉलिश झाल्यावर दुकानदारानं ती त्याच्यापुढे केली, तेव्हा भूमिकानंच मधून हात घातला. तुमच्या हातात नको, द्या इकडं, असं म्हणाली. बसमध्ये तिला खिडकी मिळाली, तो दाराशी दांडा धरून उभा राहिला. पेटी मांडीवर जड होऊ लागली तशी तिनं पिशवी सीटखाली सरकवली. मौदा आलं. नवरा खाली उतरायचं विसरेल, छत्री विसरेल, या धास्तीनं ती आधीच उठून उभी राहिली होती. गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली, त्याचा मोबाईल विचारला, पाकीट विचारलं, छत्री त्याच्या दंडाला अडकवली. त्याच्या सगळ्या वस्तू तिनं मोजून खाली उतरवल्या. बस भंडाऱ्याकडे निघून गेली.

घराच्या उंबऱ्याशी गोपिकाबाई ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. “जितू, पेटी?” असं त्यांनी मुलाला विचारलं. जितेंद्रनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. पेटी कोणाच्या हातात होती हे त्याला आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे आपल्याच हातात असणार, हा त्याचा जन्मभराचा अनुभव होता. “राहिली वाटते बसमध्ये,” तो म्हणाला.

तेव्हा दोन क्षण होते. भूमिकानं ते जाऊ दिले. संध्याकाळी खरं सांगू, असं मनाशी म्हणाली. संध्याकाळी घरात चूल पेटली नाही, म्हणून उद्या सांगू म्हणाली. जितेंद्र दुसऱ्या दिवशी पहाटेच भंडाऱ्याला गेला आणि तिथल्या डेपोत चौकशीच्या खिडकीपाशी बसून राहिला. असा तो तीन दिवस गेला. पेटी मिळाली नाही. बाजारातून रंगवलेले मुखवटे आणून सण साजरा झाला. पुढल्या वर्षी धाकट्या दिराचं, रोहितचं लग्न झालं आणि महालक्ष्म्या बसवण्याचा मान थोरल्या सुनेला द्यायच्या ऐवजी गोपिकाबाईंनी धाकट्या कामिनीला दिला. बिचारीचा मान नवऱ्यापायी गेला, असं सगळे म्हणाले. कामिनीला तर इतकं वाईट वाटलं, की ती अजूनही दरवर्षी जेवणाच्या दिवशी भूमिकाची ओटी सगळ्यांच्या आधी भरते आणि भूमिका पदर पसरून ती घेते.

पण याहूनही लाज वाटावी असं पुढंच होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी, दुःख जरा जुनं झाल्यावर, कोणीतरी पेटीची गोष्ट हसत हसत काढली आणि भूमिकानं ती उचलली. ती म्हणाली, कंडक्टरनं पेटीत दोन बाया बसलेल्या पाहून भंडाऱ्यापर्यंतची दोन तिकिटं फाडली असतील. सगळं घर हसलं, गोपिकाबाईसुद्धा पदराआड हसल्या. तेव्हापासून दरवर्षी जेवणं झाली की कंडक्टरचा किस्सा व्हायचाच आणि सांगायला भूमिकाच लागायची. गोपिकाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. किस्सा मात्र चालू राहिला.

नळ बंद करून तिनं ठरवलं की आजच सांगायचं. त्या दिवशी जितेंद्रनं नऊ प्रसंग लिहिले आणि दहावा आठवेना म्हणून पंखा पुसायला काढला. सोमवारी चहाच्या वेळी तिनं “ते पेटीचं,” एवढं म्हटलं, तोवर तो चार्जर शोधत दुसऱ्या खोलीत गेला होता आणि ती मनातून सुटल्यासारखी झाली. एरवी याच गोष्टीवर ती चिडायची.

बुधवारी त्यानं रजा टाकली होती. दारात उभं राहून तिनं “मोबाईल, पाकीट, चावी” म्हटलं आणि त्यानं शेवटी आपण होऊन शर्टाच्या खिशावर हात मारून म्हटलं, “अन् कागद.” मौद्यापर्यंत मोटरसायकलवर मागं बसून ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. रिंगरोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं हेल्मेट वळवून “काय वं?” म्हणून विचारलं. “सिग्नल सुटला,” ती म्हणाली.

मौद्याच्या घरी महालक्ष्म्या थाटात उभ्या होत्या. नव्या मुखवट्यांचे डोळे मोठे आणि गाल फार गुलाबी, पण कामिनीनं साड्या सुंदर नेसवल्या होत्या. वर फुलोरा टांगलेला. सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, पुरणपोळ्या. कामिनीनं नेहमीप्रमाणे पहिली ओटी भूमिकाची भरली. पंगती उठल्या, विडे फिरले आणि मोठ्या खोलीत सगळे टेकून बसले. सासरे महादेवराव आरामखुर्चीत, त्यांच्या पायाशी त्यांची बहीण यमुताई, जी सगळ्यांची आत्या होती आणि जिचं हसणं घराबाहेर ऐकू जायचं.

“हां, आता कंडक्टर येऊ दे,” यमुताई म्हणाल्या. “सांग वं भूमिका.”

“आज मी सांगतो, आत्या,” जितेंद्र म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो सतरंजीवरून उठून वडिलांच्या खुर्चीजवळ जाऊन बसला होता. त्याचा हात खिशाकडे गेला. “बाबा, पेटीचं सांगाचं होतं तुमाले. मी डॉक्टरपाशी गेलो होतो. ते पेटी माह्या हातून जे राहिली ना—”

“तुमच्या हातात नव्हती ते,” भूमिका म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मग तो परत लहान होऊ नये म्हणून ती घाईनं बोलत गेली. “पेटी माह्या मांडीवर होती, बाबा. इतवारीतच मी यांच्या हातातून घेतली होती. मी शीटखाली ठेवली अन् मी विसरली. आईनं यायले विचारलं, मले नाही विचारलं, म्हून मी चूप राहिली. अकरा वर्षं चूप राहिली.”

भूमिकाचे कान तापले होते. आता जे काय होईल ते होवो, असं तिला वाटलं आणि त्यातच थोडं हलकंही वाटलं. ते हलकेपण फार टिकलं नाही. यमुताईंनी हात तिच्या गालावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

“पाह्य गा महादेव,” त्या म्हणाल्या. “नवऱ्याले साऱ्यायनं हसू नये म्हून कशी आपल्या अंगावर घेऊन राहिली.”

रोहित हसला. कामिनीचे डोळे भरून आले. ती म्हणाली की वहिनी, तुम्हीच करू जाणे. भूमिका पुन्हा म्हणाली की हे खरं आहे, शपथेवर सांगते, तर यमुताई आणखीनच गहिवरल्या. महादेवरावांनी सुनेला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जाऊ दे बेटा,” ते म्हणाले. “आता कोणाचाच राग नाही. त्याच्या बावळटपणापायी तू काहून खोटं बोलतं? तुह्या सासूले आज पाहाले पाहिजे होतं.”

आपण चोरी कबूल करावी आणि लोकांनी हार घालावा, तसं झालं होतं. भूमिकाला त्या हाताखालून डोकं काढता येईना. तिनं खालूनच नवऱ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या खोलीत एकटा जितेंद्र हसत नव्हता आणि गहिवरलाही नव्हता. मशीनचा आवाज ऐकताना तो मान जराशी तिरपी करायचा, तशी त्यानं केली होती.

“कोणती शीट?” त्यानं विचारलं.

“ड्रायव्हरच्या मागची. तिसरी. खिडकीची.”

“मी कुठी होतो?”

“दाराशी. दांडा धरून.”

“दोन्ही हातानं?”

“छत्री दंडाले होती. ते मी अडकवली.”

त्यानं मान हलवली. खिशापर्यंत गेलेला हात त्यानं तसाच खाली घेतला, कागद बाहेर काढला नाही. मग तो उठला. मखरावरची दिव्यांची माळ मघापासून मधेच विझत होती. त्यानं रोहितला पक्कड मागितली, स्टूल घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून माळेचे जोड तपासत बसला. यमुताई म्हणाल्या, झालं, हा आता चहाला उठवेपर्यंत तिथून हलायचा नाही. किस्सा त्या वर्षी झाला नाही, पण हसायला काही कमी पडलं नाही.

निघताना कामिनीनं भूमिकाला पुरणपोळ्यांचा डबा दिला, नेहमीपेक्षा मोठा. मोटरसायकलपाशी भूमिकाच्या ओठांवर ‘मोबाईल, पाकीट’ आलं होतं. जितेंद्रनं आपल्याआपणच खिसे चाचपले, चावी लावली आणि गाडी काढली.

बेसाला पोचले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली, कपाटातून तिची सात पानं काढली, शाळेचं लाल पेनही आणलं आणि दोन्ही टेबलावर तिच्यापुढं ठेवलं. मग समोरच्या खुर्चीत बसला. भूमिका अजून सणाच्या साडीत, डबा हातात घेऊन उभी होती.

“आरडाओरडा करा ना तुम्ही,” ती म्हणाली. “काहीतरी बोला.”

“तीन दिवस मी भंडाऱ्याले बसून होतो, भूमिका.”

तिनं डबा खाली ठेवला. तिला रडू यायला हवं होतं, पण रडण्यानंही आपल्याकडेच कोणी बघेल, समजूत घालील, याची तिला लाज वाटली. ती खुर्ची ओढून बसली.

“हे तुह्ये पानं,” तो म्हणाला. “डॉक्टरनं पाहू नका म्हटलं होतं, पण तू माहं पाहिलंच. यातले माहे कोणते अन् तुह्ये कोणते, खुणा कर. परवा जाचं आहे. मले बी मालूम पाहिजे ना, माहं किती आहे ते.”

“बाकीचे सारे तुमचेच आहेत,” ती म्हणाली. “पेटीचं तेवढं एक—”

“मंग वेळ नाही लागणार.”

पहिलं पान दुधाचं. तिनं समासात ‘जि’ लिहिलं. दुसरं सीताबर्डीच्या गाडीचं. तेही त्याचंच, त्यानं स्वतःच मान डोलावली. तिसऱ्या पानाचा मथळा होता, ‘माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन’. सहा वर्षांपूर्वी तिच्या आईला सकाळी आठला दवाखान्यात न्यायचं होतं आणि जितेंद्र गेलाच नाही. आई तासभर पायऱ्यांवर बसून राहिली आणि तारीख हुकली. माहेरी त्यावरून दोन वर्षं त्याच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. मथळ्याखाली भूमिकानं लिहिलं होतं, ‘मी आदल्या दिवशी सांगितले होते.’

पेन त्या ओळीवर थांबलं. सांगितलं होतं? शाळेत ॲडमिशनची गर्दी होती तो दिवस. तिनं दुपारी कंपनीत फोन लावला होता, तिकडं मशीनं चालू होती. हॅलो हॅलो झालं होतं. मग संध्याकाळी सांगू म्हणून तिनं ठेवून दिला होता की ओरडून सांगितलं होतं? संध्याकाळचं तर काहीच डोळ्यांपुढे येईना. दुसऱ्या दिवशी तिनं ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं होतं, हे मात्र स्वच्छ आठवत होतं. त्यावर त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली होती आणि प्रश्न मिटला होता.

तिनं वर पाहिलं. दहा मिनिटं एका जागी न बसणारा माणूस समोर बसून होता. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. पेला मध्येच होता आणि वाजत नव्हता.

भूमिकानं पुन्हा एकदा आठवून पाहिलं. आठवत नव्हतं. मग तिनं समासात आपलं नाव लिहिलं आणि पान उलटलं.